विळ्याचं घर

वैरणीचा भारा डोक्यावर घिऊन मी बांधावरनं येत हुतो, तवा थोरला पळत आला आन् म्हणाला, "आई, आप्पा गेले." मी भारा टाकला न्हाय. गोठ्यापतूर आणला, म्हशीम्होरं सोडला, कमरंचा विळा पट्ट्यासकट काढून खिळ्याला अडकवला, मग आत गेलो. बायका म्हणाल्या, दगडाची हाय बाई. दगडाची कशाची... त्यो विळा ज्या चामड्याच्या घरात ऱ्हातो, त्ये ह्यांनीच शिवलेलं. त्ये आदी नीट ठेवायचं हुतं.

मला लिवाय येत न्हाय. मी सांगतो, नात लिवून घेती. आमच्याकडं बायकाबी आलो-गेलोच म्हणत्यात, तसंच तिनं लिवलंय.

मी संकेश्वरकडची, निपाणीच्या अंगाला लगीन करून आलो. मी डावरी. डाव्या हातानं कापलेली वैरण जनावराच्या अंगी लागत न्हाय, असं माझ्या सासूचं, आत्तींचं म्हणणं. उजव्यानं काप म्हणून लई मागं लागायच्या. उजव्यानं काम निम्मं व्हायचं, वर बोटं कापायची. डोक्यावर भारा असला की विळा मागं कमरंला खोवायचा. थोरला पोटात हुता तवा चिखलात पाय घसरला आन् विळ्यानं कंबर चिरली. हळद भरून पडून ऱ्हायलो. आत्ती म्हणाल्या, डाव्या हातानंच झालं ह्ये. आता उजव्यानं कापणार आसशील तर रानात जा, न्हायतर चुलीम्होरं बस. घरात बसून माझा जीव गुदमरायचा. पर उलटं बोलायची सवय नव्हती.

गोठ्यात जुनी मोट टांगल्याली, विहिरीचं पाणी वढायची चामड्याची. ह्यांनी तिचा तुकडा कापून पाण्यात भिजत घातला. चामडं मऊ झाल्यावर विळा वर ठेवून कोळशानं रेघ मारली. माझ्याम्होरं बसून सुतळीनं कमरंचं माप घेतलं. आरीनं भोकं पाडून, दोऱ्याला मेण लावून शिवत बसले. पट्टा ओवायला मागं एक कडं शिवलं. बांधून बघितलं, तर विळा आला उजवीकडं.

आत्ती खूश. "बघ, माझ्या लेकालाबी तेच पटतंय."

मला हेबी आईकडचेच, आसं वाटलं... ह्यांनी माझ्या कमरंकडं बघितलं आन् कपाळाला हात लावला. म्हणाले, "तुझ्याम्होरं बसून शिवलं गं. माझी डावी बाजू धरली." आन् आईच्या देखतच आरी घिऊन कड्याचे टाके उसवले.

"आई, हिचा हात डावा हाय. विळा डावीकडंच बसंल."

एवढंच. कडं उलट्या बाजूला शिवलं, पर पहिली भोकं बाहीरच्या अंगाला तशीच ऱ्हायली. बायका चेष्टा करायच्या, राणी तलवार घिऊन निघाली. हे म्हणायचे, राणीच हाय, तुम्ही वाट सोडा.

दर खंडेनवमीला हत्यारं पुजताना हे आदी त्या चामड्याला करंजाचं तेल लावायचे. शेवटी अंथरुणाला खिळले, दिसंना झालं. एकदा म्हणाले, आण बघू. अंगठ्यानं चाचपत बसले.

"आजून ही भोकं हाईतच की गं."

"आसू द्यात," मी म्हणालो. "तीबी तुमचीच."

आवंदा खंडेनवमीला सून मला म्हणाली, आत्ती, ह्ये देवाम्होरं ठेवूया, आठवण म्हणून. मी तेल लावलं. रिकाम्या भोकांत तेल मुरत हुतं, त्येंच्यावरनं अंगठा फिरवला. हळदकुकू वाहिलं. दुसऱ्या दिशी सकाळी उठून कमरंला बांधलं, डावीकडं, आन् वैरणीला गेलो.