एलेनाबाईंच्या वाट्याची वाळू

माझ्या थोरल्या भावानं, आण्णानं, मला फसवलं. आमच्या रानाची वाटणी झाली तेव्हा फसवलं, आणि वर्षाच्या आत त्यानंच माझी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून लातूरच्या बसस्टँडवर आणून दिली. हैदराबादची गाडी लागली होती. मी खिडकीत, तो खाली उभा. "पोचलास की कळीव," म्हणाला. मी पुढच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिलो. गाडी हलल्यावर तो चार पावलं सोबत चालला. मला ते दिसलं होतं. मी मान वळवली नाही.

रान रेणापूरच्या रस्त्याला होतं. निम्मं रस्त्यालगत, नुसता मुरूम, कुसळाशिवाय काही न येणारं. निम्मं खाली ओढ्याकडं, काळं, विहिरीचं. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. आण्णानं दोनच वाटे पाडले: एकात सगळा मुरूम, एकात सगळं काळं रान आणि विहीर.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तिघं भावंडं, आण्णा, मधली अक्का आणि मी, त्याच रस्त्यावर खडी फोडायला होतो. दुपारी सुकडी मिळायची, पाण्यासाठी मात्र टँकरची वाट बघायची. "रस्ता काय पिता येतो का रं?" आमचे वडील, आबा, मरेपर्यंत म्हणायचे. अशा घरातला पोरगा दुसरं काय उचलणार? मी विहीर उचलली. वर भांडून मोटारीचा पाइपही घेतला आणि आण्णाला गंडवलं म्हणून आठवडाभर खुशीत होतो.

मग लातूर जिल्हा झाला. मुरमावर चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले. आज तिथं शिकवणीला येणाऱ्या मुलांची वसतिगृहं उभी आहेत. माझ्या विहिरीनं पुढच्याच उन्हाळ्यात तळ दाखवला. आण्णा वाटणीच्या आधीपासून कचेरीत शिपाई होता. साहेब नकाशे पसरून बसत तेव्हा टेबलावर चहा तोच नेऊन ठेवायचा. बाकीचं तुम्हीच समजून घ्या.

हैदराबाद, मग आखात, मग ह्यूस्टन. तिथं फरशीचं दुकान टाकलं आणि चालवून दाखवलं. पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते मी टीव्हीवर बघितलं आणि एकटाच हसलो. चांगलं हसू नव्हतं ते.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण मेक्सिकोतलं एक गाव. सून रेखा नायगावची. ह्यूस्टनच्या दवाखान्यात काम करून करून स्पॅनिश शिकलेली. तिनं या सुट्टीत मला तिकडं नेलं. कोळ्यांचं गाव, पण आता गोऱ्यांच्या सुट्टीचं. मला समुद्राचं कौतुक नाही, पण जागा कोणाची आणि ती त्याच्याकडं कशी आली, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सकाळी होड्या वाळूवर ओढत होते. चोचीखाली पिशवी लावल्यासारखे मोठे पक्षी होडीच्या कडेवर हक्कानं बसलेले. होडीतला मासा टोपल्यात पडायच्या आत हॉटेलचा माणूस उभा. जाळी मात्र हॉटेलच्या भिंतीवर शोभेला टांगलेली. मी एका कोळ्याला जाळ्याची गाठ कशी मारतात विचारलं, तर त्यानं हातातलं काम टाकून तीनदा मारून दाखवली. आमच्या बाजेच्या सुंभाची गाठ निराळी.

दोन उंच हॉटेलांच्या मधे झावळ्यांचं एक छप्पर होतं. एलेनाबाईंची खानावळ. वय माझ्याइतकं. मासा उभा चिरून, तिखट लावून लाकडावर भाजायच्या. मी सवयीनं किंमत पाडून मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, मासा उलटला आणि म्हणाल्या, "शेजारच्या हॉटेलात जा. तिथं तुम्हाला माझी आठवण येईल." रेखा हसली. मीही बसलो.

"एवढ्या मोक्याची जागा या बाईला कशी मिळाली, विचार," मी रेखाला म्हटलं.

एलेनाबाईंनी हात पुसत सांगितलं. बापाची आत नारळाची बाग होती, गोड्या पाण्याची विहीर होती. आणि ही वाळू. बाग दोन्ही भावांनी घेतली. वाळूत खेकड्याशिवाय काही येत नाही, म्हणून ती बहिणीला. मग सडक आली, पाठोपाठ हॉटेलं आली.

"भाऊ काय म्हणतात आता?"

"रविवारी येतात, फुकट खातात आणि म्हणतात, बाईनं लुटलं आम्हाला. आधी रागानं म्हणायचे. मग एकदा मी विचारलं, मला वाळू दिली तेव्हा मी काय खाईन असं वाटलं होतं तुम्हाला?"

"मग?"

"ताटात बघत बसले. तेव्हापासून हसून म्हणतात."

मला राहवलं नाही. मी माझी सगळी कथा सांगितली, मुरूम, नकाशे, चहा. रेखा भाषांतर करून दमली. एलेनाबाईंनी मन लावून ऐकलं आणि एकच विचारलं. रेखानं ते मराठीत सांगायला वेळ लावला.

"मामा, त्या विचारून राहिल्या, तुमच्या बहिणीला काय आलं?"

रेखा हळूच म्हणाली, "खरं सांगू का गोड सांगू?"

"खरं सांग. लुगडं आलं म्हणावं."

लुगडं आणि खण. हक्कसोडीच्या कागदावर अक्कानं अंगठा दिला त्या दिवशी. ती उमरीला दिलेली. आमच्याइतकीच खडी तिनंही फोडली होती. एवढंच म्हणाली होती, "विहिरीजवळची एक पट्टी ठिवा माझ्या नावानं. लई नगं." आण्णा काही बोलला नव्हता. बोललो मी. "पुन्हा तुझा नवरा बांधावर येऊन बसंल," म्हणालो. अक्का म्हणाली, "बरं." इतक्या वर्षांत मला तो कागद एकदाही आठवला नव्हता, आणि आण्णाच्या वाटणीचा कागद एक दिवस विसरलो नव्हतो.

घर कुठलं, असं इकडं लोक विचारतात तेव्हा मी लातूर म्हणतो. पण लातुरात माझं म्हणावं असं आता काही नाही, विहीरसुद्धा बुजवली. घर म्हणजे आता ज्यांना मी जाब विचारू शकतो आणि जे मला विचारू शकतात, ती दोन माणसं.

तेव्हा आण्णा, माझा राग गेलेला नाही आणि मी माफ करायलाही बसलेलो नाही. वाटे पाडलेस तेव्हा तुला ठाऊक होतं की नव्हतं, हे तुला सांगावं लागेल. पण मला नाही, अन् लातुरात नाही. दिवाळीनंतर मी येतो. उमरीला अक्काच्या ओसरीवर ये आणि तिच्यासमोर सांग. तुझं झालं की मी बोलेन, त्या पट्टीबद्दल. आणि ती म्हणाली की धाकट्यानं आधी, तर मी आधी.