काढून टाकलेला क्लच

या सदरातले अनुभव मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणून वाचत आले. करणी, बाधा, कुणाची सावली... यातलं काही मानलं नाही. कर्जतला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर नटबोल्ट विकणारी बाई मी. हाताला लागेल तेच खरं. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी परदेशी गाडी आहे. माझ्या जन्माच्याही आधीची. ते गेल्यावर मीच चालवायचे. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो जड क्लच दाबणं संपलं. गाडी विकायची नव्हती. मग खालापूरच्या बबन मिस्त्रीने सुचवलं – ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवू, तोही ओव्हरड्राइव्हवाला, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर इंजिन शांत पळेल. दीड महिना तो खपला. तळ कापून जागा केली, मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट आखूड केला, क्लचचं पेडल मुळासकट काढलं, भोकावर पत्रा वेल्ड केला. वर रबरी मॅट.

ट्रायलला मेमधल्या एका दुपारी साडेतीनला निघालो, खालापूरहून पळसदरीच्या बाजूला. मी चालवत होते, बबन शेजारी.

"ताई, गाडीला क्लच नाय म्हंजी बायकोला जीभ नाय. आता निवांत!"

"सांगते हं तुझ्या बायकोला."

गिअर लोण्यासारखे पडत होते. थोड्या वेळाने बबन वाकून खाली बघू लागला.

"ताई, तुमचा डावा पाय कुटं हाय?"

"मागे, सीटला टेकलेला. का रे?"

त्याने बोट दाखवलं. गाडी गिअर बदलायची, त्याच्या क्षणभर आधी क्लचच्या जागेवरची मॅट खाली दबायची... आणि सावकाश वर यायची.

"पत्रा हलत असेल."

"माझं वेल्डिंग हाय ते. हत्ती नाचला तरी हलायचा नाय."

हसला खरा, पण पाय दाराकडे ओढून घेतले.

पळसदरीच्या अलीकडे उतार लागला. आमच्या भागातले जुने ड्रायव्हर उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडतात, पेट्रोल वाचतं म्हणून. नानांनाही तीच खोड. त्यावरून आमची भांडणं व्हायची. त्या दिवशी उतार सुरू झाला आणि मॅट दबली. वर आलीच नाही. इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला, गाडी मोकळी सुटली. गिअरचा दांडा जागच्या जागी. खालच्या गिअरमध्ये ओढला – काही नाही. ब्रेक एकदा लागला, मग पाय नुसताच आत जाऊ लागला. जळका वास. समोर, तळाशी, करवंदांच्या पाट्या घेऊन पाच-सहा बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या. हॉर्न वाजवला, त्यांनी नुसत्या माना वळवल्या.

"बबन, ती मॅट काढ!" मी किंचाळले.

तो वाकला, मॅटखाली हात खुपसून त्याने ती वर ओढली. ओरडला. त्याच क्षणी इंजिनाने गाडी पकडली, ब्रेकही लागला, जबर हिसका बसला. पहिल्या पाटीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो.

"ए बाय, दिसत नाय का गं? वर धाडतीस का आमाला?"

पाटीवाली ओरडली. स्टिअरिंगवरून हातच सुटत नव्हते.

गाडी टेंपोने ओढून बबनच्या शेडमध्ये आणली. गिअरबॉक्सचं ऑइल पुरेपूर, नव्यासारखं लाल, जळल्याचा वास नाही. दांडा आणि गिअरबॉक्स जोडणारं लिंकेज जागेवर. ब्रेकही ठीक. वेल्डला चीरही नाही. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवलं. त्यालाही दोष सापडला नाही.

"नानांची खोड होती ही," मी म्हणाले. असलं वाक्य माझ्या तोंडून निघेल, असं कधी वाटलं नव्हतं.

बबन तळहात चोळत होता. "नाना बूट घालायचे ना?"

"बुटाशिवाय गाडीत बसायचे नाहीत."

"मंग नाना नाय ते. उघडा पाय व्हता, ताई. माझ्या हातावर बोटं दाबली त्यानं. वल्ली, गार."

नानांनी गाडी जुनीच घेतली होती. कुणाकडून, ते सांगणारं आता कुणी उरलं नाही. बबन म्हणतो, त्या जागी नुसतं पेडल बसवू, कशालाही न जोडता, म्हणजे ज्याचा तो पाय आहे त्याचं समाधान होईल. मी नको म्हटलं. गाडी त्याच्या शेडमध्ये उभी आहे, आणि हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. बबन मात्र हल्ली कुठल्याही गाडीत बसायच्या आधी सीटवर हात फिरवून बघतो... रिकामी आहे ना.