सुतकातली सोलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोलं उन्हात घातली. सोलं म्हणजे रतांब्याची सालं, शहरातली माणसं आमसुलं म्हणतात ती. निळ्या प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक बायकोनं धरलं, दुसरं मी, आणि कागद खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पसरला. ती म्हणाली, "कोपऱ्यांवर दगड ठेवा." मी म्हटलं, "वारा कुठाय गो?" तर म्हणाली, "तुमच्यासारखाच हाय तो. नको तेव्हा उठतो." मी दगड ठेवले.

एवढंच. जाणाऱ्या माणसानं काही बोलून जावं असं लोकांना वाटतं. ती दगडांचं आणि पाण्याचं बोलून गेली.

त्या वर्षीचा मे महिना मे महिन्यासारखा वागलाच नाही. आमचं गाव रत्नागिरीजवळचं. मे महिन्यात इथे माणूस उघड्या अंगानं ओटीवर पडलेला असतो. तर ह्या वेळी आठवडेच्या आठवडे मळभ आणि पाऊस. आंबा झाडावरच डागी झाला. आम्ही दोघं गोधडी घेऊन झोपायचो आणि सकाळी चुलीपुढे हात शेकत बसायचो. तिला त्याची मजा वाटायची. म्हणायची, "महाबळेश्वरला नेलं नाय कधी, घ्या, महाबळेश्वरच घरी आलं."

पण रतांबे कोणासाठी थांबत नाहीत. पिकून टपाटपा पडायला लागले. ते फोडायचे, बिया काढायच्या, सालं दिवसभर उन्हात घालायची. संध्याकाळी मीठ घातलेल्या रतांब्याच्याच रसात बुडवायची आणि सकाळी परत उन्हात. ह्याला पूट देणं म्हणतात. दर पुटाला सोल काळं आणि मऊ होत जातं. चांगली बाई पुटात कसूर करत नाही. आमच्या हिची सोलं मुंबईपर्यंत जायची, माहेरची माणसं मागून न्यायची. आणि ह्या वर्षी ऊनच नाही, त्यामुळे निम्म्या पुटांवर सगळं अडलेलं.

तिनं हार मानली नाही. पडवीत दोऱ्या बांधून त्यावर फडकी टाकलीन, फडक्यांवर सोलं. पंखा लावून ठेवायची. लाईट गेली की सुपात भरून चुलीच्या धगीला धरायची. आंबूस वास आला की मीठ चोळायची. मी म्हटलं, "टाक ना गो, एक वर्ष नाय झाली तर नाय झाली." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप सोलं चाळायला बसलो.

आणि मग एका सकाळी उठतो तर आभाळ निखळ. लगेच सोलं खळ्यात घातली ती तेव्हाच. नवाच्या सुमाराला कौलं तापली. जमिनीत पाणी मुरलेलं, त्यामुळे खालून वाफ आणि वरून ऊन. भात शिजवतात तसं माणूस शिजत होतं. मी उभा जन्म चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीत काढला. खाणीत ऊन चारी भिंतींवरून अंगावर येतं, मला उन्हाचं कोणी सांगायला नको. पण गारव्यात राहून माझंपण अंग सुखावलं होतं. मी ताक प्यालो, ओला पंचा डोक्यावर घेतला आणि पडवीत बसलो.

ती बसली नाही. उलट तिला अंगात आल्यासारखं झालं होतं. घटकेघटकेला खळ्यात जाऊन सोलं उलटत होती. मी हाक मारली, "बस गो जरा. ऊन कुठे पळून जात नाय."

"इतके दिवस पळालं होतं ते कोण?" असं म्हणून परत गेली.

दुपारी आत आली आणि पडवीच्या खांबाला टेकून बसली. म्हणाली, "मडक्यातलं पाणी द्या, फ्रीजमधलं नको." मी दिलं. अर्धं प्याली. पेला धरलेला हात मांडीवर आला आणि पेला कलंडला. मला वाटलं डोळा लागला.

डॉक्टर म्हणाला, हृदय. शेजारची माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, म्हणाली, ऊन. मुलगा म्हणाला, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवल्या असतील. ज्याला जे पटलं ते त्यानं घेतलं. काही म्हटलं तरी ती उठणार नव्हती.

मुलगा लोटे गावाला कारखान्यात आहे. पाळी सोडून आला तसा कपड्यांना कारखान्याचा वास घेऊनच आला. संध्याकाळच्या आत तिला नेली. लाकडं पावसात भिजलेली, नीट पेटेनात. सगळ्यांच्या डोळ्यांत धूर गेला, त्यामुळे कोण रडतंय आणि कोण नाही ते कळायला मार्ग नव्हता. बरंच झालं.

घरी आलो तर खळं झाडून सारवून काढलेलं. निळा कागद नाही, सोलं नाहीत.

मी वहिनीला विचारलं, "सोलं कुठायत?"

"आज कसली सोलं, भावोजी?"

"इथे होती ती."

"गडग्याकडे ठेवलीत बांधून. उद्या कोणतरी लांब टाकून येईल. सुतकातलं मिठाचं काय ठेवू नये. आणि त्या सोलांपायीच बापडी उन्हात मेली."

मी गडग्याशी, आवाराच्या दगडी बांधाशी, गेलो. दगडांच्या कडेला कागदाचं गाठोडं पडलेलं. हात लावला तर अंगात ताप असावा तसं गरम. सोडलं तर आत सोलांना घाम फुटलेला आणि वास बदलायला लागलेला. आणखी एक दिवस तशीच राहिली असती तर कोणी टाकायची गरज नव्हती, आपणच गेली असती. मी गाठोडं उचललं आणि सगळ्यांच्या देखत घरात आणलं.

वहिनी मागोमाग आली. "भावोजी, लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण वाढतोय?"

"मग खाणार कोण ती?"

"मी."

"आणि पाव्हणे आले की?"

"पाव्हण्यांना तुमच्या घरची घाला."

ओटीवर बसलेल्यांपैकी एकजण उगाच खोकला. वहिनी दारातून हलली नाही.

मग मुलगा आला. त्याला बोलायला पाठवलेला होता, ते त्याच्या चालीवरूनच कळलं. म्हणाला, "बाबा, आमसुलं मी आणून देतो की चांगली. बाजारात मिळतात."

"बाजारातली तुझ्या आयशीनं फोडलीत काय?"

तो खाली बसला. म्हणाला, "तेरावं झालं की माझ्याकडे चला. ह्या उकाड्यात एकटे कसे राहणार? माझ्याकडे एसी आहे."

"एसीत सोलं सुकतात काय?"

त्याला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण सोलांचा विषय सोडला नाही.

माझं म्हणणं साधं होतं. देवाधर्माचं मला वावडं नाही. तिला खांदा दिला, तोंडात पाणी घातलं, भटजी सांगेल ते सगळं करणार होतो. पण ती बाई इतके दिवस पावसाशी भांडली, एकटी भांडली, आणि जिंकली त्या दिवशी गेली. आता ऊन आलंय आणि मी ती सोलं टाकायची? सुतक तिचंच. तिच्या सुतकानं तिचीच सोलं बाटत असतील तर त्या सुतकाला अक्कल नाही. हे मी तेव्हा मोठ्यानं बोललो. आता लिहितोपण.

दिवेलागणीला माजघरातला रसाचा टोप ओढला. तिनं मीठ घालून ठेवलेला रस होता तो. सोलं त्यात घातली आणि हातानं दाबली. माझ्या हाताला खाणीतल्या जुन्या चिरा आहेत, त्यांत मीठ आणि आंबट गेलं, झोंबलं. झोंबू दे म्हटलं. वहिनी दारातून बघत होती. म्हणाली, "वरखाली करा, तळातली कोरडी राहतील." एवढं बोलून आपल्या घरी गेली.

सकाळी उठलो. खळ्यात लोक समाचाराला येणार, तिथे सोलं घालता येत नव्हती. मी ती निथळून टोपलीत भरली, डोक्यावर गोणपाटाची घडी ठेवून त्यावर टोपली घेतली, काखेत निळा कागद, आणि घरामागच्या सड्यावर चढलो. वर नुसता उघडा कातळ, झाड नाही की झुडूप नाही. कालच्यासारखंच ऊन. सात-आठालाच कातळ चटके द्यायला लागला होता. सुतकात पायात काही घालू नये म्हणतात. मी चपला घातल्या होत्या. ज्याला सांगायचं त्यानं अनवाणी वर यावं आणि सांगावं.

कागदाला चार कोपरे आणि मी एकटा. एक बाजू धरावी तर दुसरी गोळा होते. शेवटी टोपली मधोमध ठेवली आणि फिरून फिरून ओढला. मग सोलं पसरली, एकेक सुटी करून, आतली बाजू वर.

थोड्या वेळानं मुलगा आला. तो अनवाणी होता, त्यामुळे कातळावर नाचत आला. हातात पाण्याची बाटली आणि माझी टोपी.

"बाबा, खाली माणसं आलीत. तुम्हाला विचारतायत."

"सांग, सोलं घालतोय."

"असं कसं सांगू?"

"तोंडानं."

त्यानं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मी टोपलीखालचं गोणपाट काढून त्याच्या पायाशी टाकलं. त्यावर उभा राहिला तेव्हा त्याचे पाय शांत झाले.

म्हटलं, "आलायस तर त्या कडेची सुटी कर. एकाला एक चिकटलीत."

"मला सुतक आहे, बाबा."

"मलापण आहे. सुतकातल्यांनी सुतकातली सोलं सुटी केली तर कोणाचं काय बिघडलं?"

तो गोणपाटावर उकिडवा बसला आणि सुटी करायला लागला. हात आईसारखा चालत नव्हता, पण चालत होता. कड संपल्यावर तो खाली माणसांत गेला.

मी बसलो. घाम डोळ्यांत उतरत होता आणि दर्यावरून वाऱ्याची झुळूक नव्हती. वहिनीनं खालून दोनदा हाक मारली. मी ओ दिली, उठलो नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत सगळी सोलं एकदा उलटून झाली होती.