अक्काची आकडी

अक्का गेल्याचा फोन तिच्या धाकट्या दिराने केला, दिगंबरने. तो हुंदके देत होता. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, रड, पोटभर रड… तुझ्याच कुऱ्हाडीने गेली ती.

अक्का माझी थोरली बहीण. निफाडजवळचं सगळं गाव द्राक्षांच्या मागे लागलेलं असताना, नवरा गेल्यावर वाट्याला आलेल्या तुकड्यात हिने बाभळी आणि चाऱ्यासाठी शेवरीची झाडं लावली आणि मधल्या पट्ट्यांत मारवेल गवत. लोक हसले. पण भर उन्हाळ्यात तिच्या सावलीतलं गवत हिरवं असायचं. लांब बांबूच्या आकडीने ती बाभळीच्या शेंगा पाडू लागली की शेळ्या तिच्या अंगावरच यायच्या. "हळू गं बायांनो, मला खाता का काय!" असं लाडाने ओरडायची. लेंडीखत मात्र कधी ताजं टाकू द्यायची नाही. ओलं करून ढीग लावायची, आतून तापून पुरतं कुजेपर्यंत. "शेळीच्या पोटात बाभळीचं बी मरत नाय, उलट लय जोमानं उगवतं," म्हणायची. बांधापलीकडच्या दिगंबरने हे शंभरदा ऐकलं होतं.

उन्हं तापायला लागली तेव्हा ती नाशिकला दवाखान्यात होती, मी तिच्याजवळ, आणि शेळ्या दिगंबरच्या भरवशावर. तेवढ्यात त्याने शेंगांनी लगडलेली सगळी झाडं तोडली. त्याच्या द्राक्षबागेवर सावली पडते म्हणे! आडव्या पडलेल्या फांद्यांवरच्या शेंगा शेळ्यांनी खाऊन संपवल्या. घरी आल्यावर अक्का बुंध्यांमधून नुसती फिरली… त्यानंतर अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. दहाव्याला सगळ्यांत मोठ्याने हाच रडला. आणि सुतक फिटताच, मला न विचारता, गोठ्यामागचं ताजं लेंडीखत भरून स्वतःच्या बागेत टाकलं. मी बघत होते. एक शब्द बोलले नाही.

आता ठिबकच्या पाण्यावर त्याच्या बागेत ओळीच्या ओळी बाभळी उगवल्यात. मला आनंद झाला, कशाला लपवू? परवा तो दारात आला.

"ताई, उपटून उपटून हात फाटले. काट्यापायी बाया कामाला येत नाय. वहिनी काय करायची यावर?"

अक्काच्या घरात राहून शेळ्या आता मीच सांभाळते. दारामागे अक्काची आकडी आहे, तिच्या हाताने गुळगुळीत झालेली. ती काढून मी त्याच्यासमोर उभी केली.

"मोठ्या होऊ द्या भाऊजी," मी म्हटलं. "शेंगा मी पाडीन."