सोनगीरच्या हंड्यातला जुना मध

ज्यांनी माझ्या धुळ्याच्या दुकानातून जुना मध नेला, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्याहून जास्त एका माणसासाठी लिहितो आहे. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याला हे मी आधी तोंडाने सांगून आलो आहे.

माझं काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, बाळंतकाढ्याच्या पुड्या असा नेहमीचा माल. पण साक्रीपासून रावेरपर्यंतचे लोक यायचे ते जुन्या मधासाठी. आमच्याकडे समज असा की ताजा मध अंग धरायला आणि जुना मध औषधाला. जितका जुना तितका गुणकारी. बाळ जन्मलं की त्याच्या जिभेवर पहिलं बोट जुन्या मधाचं, आणि पुढे रोजची गुटी उगाळायची तीही त्याच मधात. त्यासाठी मी एक हंडा वेगळा ठेवला होता. सोनगीरच्या तांबटाने ठोकून केलेला पितळी हंडा, आतून कल्हई केलेला. त्यातला मध चार-चार वर्षं हलत नसे. काळाभोर व्हायचा. चमच्यातून धार सोडली की गिऱ्हाईक नुसतं बघत राहायचं.

मध यायचा पिंपळनेरच्या पलीकडून. तिथल्या डोंगरपाड्यावरचा एक माणूस वर्षातून दोन-तीनदा एसटीने यायचा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यांत मध भरून, तोंडाला पानांची बुचं घालून, ते तुंबे फडक्यात बांधून मांडीवर घेऊन तो अडीचेक तासांचा प्रवास करायचा. मी त्याला एकदा नवे स्टीलचे डबे देऊ केले होते. त्याने ते हातात घेतले नाहीत.

"लोखंड लागनं ना आबा, का मध रुसस," तो म्हणाला.

मी हसलो होतो. त्याचे तुंबे हंड्यात रिकामे करताना मला वाटायचं, रानातला मध आता जरा बऱ्या घरी आला.

काही वर्षांपूर्वी हंडा तळाच्या सांध्याला पाझरायला लागला. सोनगीर काही लांब नाही, हायवेने अर्धा तास. तांबटाकडे न्यायचा, त्याने सांधा जोडून शुद्ध कथलाची कल्हई करून दिली असती. मी निघालोही होतो. पण वाटेत ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान लागलं. माझ्या स्कूटरवर पायाशी हंडा बघून तो म्हणाला, "इतक्यासाठी पुढे कशाला जाता? दहा मिनिटांत डाख देतो." त्याने दिला. सांधा पक्का झाला आणि मी तिथूनच मागे फिरलो. त्याला मी विचारलं नाही की डाखात कोणता धातू, आणि त्यानेही विचारलं नाही की हंड्यात काय ठेवता. त्याची चूक काही नाही. तो रोज रेडिएटर सांधायचा, आणि रेडिएटर कोणी चाटत नाही.

त्यानंतर चारेक वर्षांनी जळगावहून एक बाई आल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, माहेर रावेरकडचं, घरी केळीची शेती. धाकट्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं. एक बाटली नेली आणि पंधरा दिवसांनी परत आल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

"काका, आईचा हुकूम होता, धुळ्याचाच जुना मध आण. मी म्हटलं, बाळाच्या आधी यंत्राला चाटवते. विद्यार्थ्यांना सरावही होईल."

"मग? यंत्राला गोड लागला का?"

त्या हसल्या नाहीत. "त्यात शिसं आहे. तांबं आणि जस्तही आहे, पण काळजी शिशाची."

मला काहीच कळलं नाही म्हणून त्यांनी नीट समजावलं. एवढ्याशा शिशाला चव नसते, वास नसतो. मोठ्या माणसाच्या पोटात गेलं तर त्यातलं बरंचसं बाहेर पडतं. तान्ह्या बाळाचं शरीर मात्र ते कितीतरी जास्त शोषून घेतं, हाडांत साठवतं, आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. पुढे शाळेत मूल मागे पडतं, लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात, स्वभावच तसा आहे. किती शिसं चालेल असं विचारलं तर त्या म्हणाल्या, चालेल असा आकडा नाहीच. "आणि तसंही वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्याचं कारण वेगळं, मधातल्या जंतूंचं. पण ते सांगितलं की आई माझ्याशी दोन दिवस बोलत नाही."

मी पटकन बोललो, ते शब्द मला आजही तसेच आठवतात. "हा पिंपळनेरकडचा मध. तिकडे आता पवनचक्क्या झाल्या, हायवे रुंद झाला, काय काय उडत असेल. तो माणूसही कशात भरतो कोण जाणे."

कशात भरतो हे मला ठाऊक होतं. तुंबे माझ्या डोळ्यांसमोर होते.

बाईंनी पिशवीतून एक काचेची बाटली काढली. "मग थेट पोळ्यातला आणून द्या. मधे कुठलंच भांडं नको."

त्या आठवड्यातच मी गेलो. या मधावर मी आयुष्य काढलं होतं आणि पोळं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास तो मला सादड्याच्या एका जुन्या झाडापाशी घेऊन गेला. खोडाला हाताएवढी ढोली. त्याने आधी खोडाला कान लावला, मग मलाही लावायला सांगितला. आत एक घुमणं होतं, एकसारखं, लांबच्या देवळात बरीच माणसं खालच्या आवाजात काही म्हणत असावीत तसं. माझ्या गालाखालचं लाकूड कोमट होतं. मी कान काढलाच नाही, तेव्हा तो म्हणाला,

"आबा, दुकानमा बरनीनं झाकन उघडनं सोपं शे. आठे घरधनीले इचारनं पडस."

शेणीचा थोडा धूर दिला आणि तो थांबला. बराच वेळ नुसता उभा. सातेरी माश्या त्याच्या कोपरापर्यंत बसल्या, चालल्या, उडाल्या. मग त्याने बांबूची चपटी चीप आत घातली आणि पोळ्याची एक कड कापून घेतली. पिल्लांचा भाग आणि मधाचा अर्धा भाग माश्यांना राहू दिला. मेणाखालचा मध उन्हात धरला तर आरपार उजेड. पळसाच्या पानाच्या द्रोणात त्याने हाताने पिळला, आणि द्रोणातून बाईंच्या बाटलीत. झाडापासून काचेपर्यंत धातूचा कण लागला नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी माश्यांकडेच बघत होतो.

दुसरा निकाल घेऊन बाई स्वतः आल्या. या वेळी त्यांचा चेहरा वेगळा होता, काही बक्षीस मिळाल्यासारखा.

"काका, यंत्राला शिसं दिसतच नाही इतका स्वच्छ मध आहे. बघा तरी." कागदावरच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मला यात सगळ्यांत काय आवडतं सांगू? माशी धुळीतून जाते, डबक्यातलं पाणी पिते, रस्त्याकडेच्या फुलावर बसते. वाईट ते तिला लागतंच. पण त्यातलं बरंचसं तिच्या स्वतःच्या अंगात अडकून राहतं, मधात फार कमी उतरतं. अगदी धुरकट गावातल्या मधात थोडं येतं, नाही असं नाही. पण आपल्यापर्यंत पोचायच्या आधी ती बिचारी चाळणी झालेली असते."

"आणि ती किती जगते?"

"कामाच्या दिवसांत? पाच-सहा आठवडे."

मी दुकान चाळीस वर्षं चालवलं. तेवढ्या काळात तशा किती पिढ्या आल्या आणि गेल्या असतील, मला हिशेब जमेना. नखाएवढा जीव, आणि सगळ्या मुलखाची धूळ अंगावर घेऊन आत शिरतो, अन् मागे ठेवतो तो आरपार दिसणारा मध. सादड्याच्या खोडातलं ते घुमणं माझ्या कानात परत सुरू झालं.

"गोड लागला तरी मध आतून आंबट असतो, काका. धातूला खातो. वर्षानुवर्षं धातूत ठेवला की तेवढी वर्षं खात राहतो. म्हणजे दोष भांड्याचा. तुमच्या गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील."

त्या गेल्यावर मी हंडा उताणा केला आणि सांधा चाकूने खरवडला. मऊ राखाडी कपचा निघाला. तो मी त्यांच्याच निकालाच्या कागदावर घासला. पेन्सिलीसारखी शिशाची रेघ उमटली.

इथपर्यंत मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल. इथून पुढे म्हणता येणार नाही.

पहिला निकाल आल्यापासूनच मी जुना मध देणं बंद केलं होतं. कोणी विचारलं तर सांगत होतो, "त्या बाजूच्या मधात शिसं निघालं." काष्ठौषधीवाल्याचा शब्द लोक डॉक्टरच्या शब्दाइतका मानतात. तो शब्द बाजारातून फिरत पिंपळनेरला पोचला. दुसरा निकाल आल्यावर मी तो शब्द मागे घ्यायला हवा होता. मी कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि हंडा मोडीत दिला. माझ्या दोन्ही नातवंडांना मीच तो मध चाटवला होता. त्यांचं रक्त मी नाशिकला तपासून आणलं. घरी सांगितलं, अशक्तपणा बघायचा आहे. धाकटीच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं, पुढच्या वर्षी उतरलं. मी सुटलो असं मला वाटलं. बाकीच्यांच्या घरी मी गेलो नाही. त्यांचे पत्ते माझ्याकडे नव्हते हे खरं, पण ते शोधायचा प्रयत्नही मी केला नाही.

तो माणूस नंतर एकदाच दुकानात आला. दोन तुंबे पायरीवर ठेवून म्हणाला, "आबा, बजारमा कोनी लेत नही. काय व्हयनं?" मी म्हणालो, लोकांना आता पॅकिंगचा मध लागतो. पुढे कळलं, तो आणि त्याची बायको साठी उलटल्यावर सुरतेकडे ऊसतोडीला जायला लागले.

दुकान बंद केलं तेव्हा ड्रॉवर रिकामा करावा लागला. कागद हातात आला. आकडे फिकट झाले होते, रेघ तशीच होती.

गेल्या महिन्यात पाड्यावर गेलो. तो अंगणात खाटेवर होता, गुडघे सुजलेले. त्याच्या बायकोने, अक्काने, मला ओळखलं.

"गंज दिन व्हयनात आबा. वाट भुली ग्यात का?"

मी कागद काढला. आकडे त्याला दाखवून उपयोग नव्हता, म्हणून रेघ दाखवली. ती कशाची, ते सांध्यापासून ड्रॉवरपर्यंत सगळं सांगितलं. रेडिएटरवाला सांगितला, नातवंडांचं रक्तही सांगितलं. अक्का ऐकून चुलीकडे वळली आणि तिकडूनच म्हणाली, "आबाना हंडा सोनगीरना. आमना तुंबा येलवरना." आणि फुंकणी उचलली.

त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळं लागलं का, ते पाहिलं.

"तुमना हंडाना दोस व्हता, आनि ऊस मी तोडा," तो म्हणाला. आवाज चढला नाही. कागद माझ्या हातात परत देऊन म्हणाला, "हाई माले सांगीसन काय व्हई? मना मध चांगला शे, माले तं ठाऊकच व्हतं. बजारमा सांगा."

म्हणून बाजाराच्या दिवशी मी पिंपळनेरला जातो. चार बाजार झाले. त्याच्या शेजारी गोणपाटावर बसतो. समोर त्याचे दोन तुंबे आणि मी नेलेल्या काचेच्या रिकाम्या बाटल्या. जो थांबतो त्याला सांगतो की शिसं माझ्या हंड्याचं होतं, या मधाचं नव्हतं. बाळाला वर्ष होईपर्यंत हाही मध देऊ नका. आणि माझ्याकडचा जुना मध ज्या घरात गेला, त्या घरातल्या मुलांचं रक्त एकदा तपासून घ्या, डॉक्टरांना शिशासाठी म्हणून सांगा. तेच इथेही लिहितो आहे. काही लोक ऐकतात. एकाने विचारलं, तुमच्यावर केस नाही का झाली. मी म्हणालो, अजून नाही.

गेल्या बाजारी एक बाई थांबली, कडेवर नात. तुंब्याकडे बोट करून म्हणाली, "हाऊच का तो शिसाना मध?"

मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तव्हय बी तुम्हीनच सांगेल व्हतं ना?" ती म्हणाली. "आते बी तुम्हीनच सांगतस."

ती माझ्याकडे पाठ करून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याला विचारायला लागली, कोणत्या झाडावरचा, कधी काढला, कशात पिळला. तो एकेक सांगत गेला. मग त्याने पानाचं बूच काढलं आणि तिच्या तळहातावर एक थेंब सोडला. नातीने हात पुढे केला तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"इनं वय किती शे, इचारा आबा," तो म्हणाला.

मी विचारलं. ती दोन वर्षांची होती.