लुपसवाल्या आम्ही तिघी

बेळगावच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहायचं, दुसरं काम नाही. मग किस्से साचणार नाहीत तर काय! आम्ही तिघी जोयडा तालुक्याच्या आणि तिघींनाही लुपस. म्हणजे रोगाशी लढणारी अंगातली ताकद आपल्याच अंगावर उलटते. मी जोयड्यात ब्लाउज शिवते. शांताक्काचं रामनगरला किराणा दुकान. सुमन गणेशगुडीजवळची, घरची भातशेती.

*

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझा चेहरा टम्म फुगला. एक गिऱ्हाईक माप द्यायला आली, मला खालीवर बघून हळूच म्हणाली, "व्हय गं, कितवा म्हैना?"

"तिसरा," मी म्हटलं. "गोळ्यांचा!"

*

शांताक्का बेचाळीस वर्षांची. एकदा पाठ धरून, वाकत वाकत तपासायला आली. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं पडलात?"

"पडले न्हाई. शिंकले."

डॉक्टर हसले नाहीत. एक्स-रे काढला, मग हाडांचा स्कॅन. मणका दबून मोडला होता. आजारानं आणि गोळ्यांनी हाडं आतून पोखरली होती.

"तुमची हाडं सत्तरीच्या बाईसारखी झालीत," डॉक्टर म्हणाले.

शांताक्का म्हणाली, "मग त्या बाईला माझी दिली काय?"

बाहेर बाकावर आल्यावर मात्र पदर तोंडाला लावून रडली. आता दुकानातली पोती नवरा उचलतो आणि ही कमरेला पट्टा बांधून गल्ल्यावर बसते.

*

मळणीच्या दिवसांत सुमनची छाती जड झाली, जबडा दुखायला लागला. वय पस्तीस. घरचे म्हणाले, "गॅस असंल." नवऱ्यानं सोडा आणला. तिनं मला फोन केला, तर बोलताना धाप लागत होती. लुपस असलेल्या बायकांना हार्टचा त्रास लवकर होऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलेलं. मी ओरडलेच, "सोडा ऱ्हाऊ दे, जीप बघ!" आणि लगेच शांताक्काला कळवलं.

जीप रामनगरला पोचली तेव्हा शांताक्का पट्टा बांधून रस्त्यावर उभी. डॉक्टरांनी तिला खड्ड्यांतून प्रवासच बंद केलेला. सुमनचा नवरा म्हणाला, "अक्का, तुमची पाठ..."

"पाठीचं मी बघते. हिला धरायला बाईमाणूस नको व्हय?"

बेळगावपर्यंत सुमनचं डोकं शांताक्काच्या मांडीवर होतं. हृदयाची नळी अडली होती. "अजून उशीर झाला असता तर..." एवढंच बोलून डॉक्टर थांबले. स्टेंट बसला, सुमन वाचली. शांताक्का मात्र पुढं आठवडाभर आडवी!

*

नंतरच्या तपासणीला डॉक्टर सुमनला म्हणाले, "रोज चालायचं. हाडांना चांगलं, हृदयालाही. पण उन्हात नाही हं, उन्हानं लुपस उसळतो."

"मग कवा चालू?"

"सूर्य उगवायच्या आधी. नाहीतर मावळल्यावर."

"त्या वक्ताला आमच्या वाटंवर अस्वल चालतंय, डॉक्टर."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग कसं करणार?"

सुमन पिशवी उचलून उठली. "त्याला इचारून सांगते."