ग्लेनिस हॅबर्लीची पहिली बंदूक

आठ दिवसांत कायोटीने, लांडग्याच्या त्या धाकट्या भावाने, पाच कोकरं नेली, तेव्हा ड्वेनने न्याहरीची बशी बाजूला सारली आणि सांगून टाकलं, की गुरुवारी दुपारी मेंढ्या बघायला गिऱ्हाईक येतंय. बहिणीला विचारलं नाही. सांगितलं.

"सगळ्या?" ग्लेनिस म्हणाली.

"सत्तरच्या सत्तर. माळ गुरांना चरायला देऊन टाकू. कायोटी वासराच्या वाटेला जात नाही, त्याला लाथ बसते."

ग्लेनिस एकोणसाठ वर्षांची होती. अठ्ठावीस वर्षं तिने गावच्या शाळेत पोरांना रांधून वाढलं आणि शाळेच्या आधी नि शाळेच्या नंतर मेंढरं केली. वडिलांनी जमीन दोघा भावंडांच्या नावावर ठेवली होती, पण अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून कोकरू वळवणं, पोरक्याला बाटलीने पाजून जगवणं, हे तिचं. ड्वेन ट्रॅक्टर आणि कुंपणं बघायचा. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला बंदूक धरवत नव्हती. कायोटी मारायला एक सरकारी माणूस होता, पण त्याच्या गळ्यात अर्धं वायोमिंग राज्य. त्याच्याकडे यांची पाळी तीन आठवड्यांनी लागणार होती, आणि तोवर कोकरं उरली असती तर नवल.

"मग मी मारते," ग्लेनिस म्हणाली.

"तू आजवर काय मारलंयस? टोमॅटोचा डबा."

"तो तरी पडला ना?"

"ताई, डबा उभा राहतो. कायोटी राहत नाही." ड्वेन कॉफी ओतायला उठला. "आणि बाबांची बंदूक नको हां. ती एल्कसारख्या थोरल्या हरणासाठी आहे. तिच्या धक्क्याने तुझा खांदा माझ्या खांद्याच्या शेजारी जाऊन बसेल."

म्हणून सोमवारी ती गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेली. मे महिन्याचं ऊन पडलं होतं, तरी तिने हिवाळ्यातला जाड लोकरी कोट अंगात घातला होता. दुकानदार ट्रेंट चाळिशीचा, भला माणूस, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. लहानपणी शाळेच्या जेवणात हाच ट्रेंट वाटाणे खिशात लपवून ताट रिकामं दाखवायचा, आणि ते दोघांनाही आठवत होतं.

"कोट का, ग्लेनिसबाई? आजारी आहात?"

"पहाटे माळावर याच कोटात बसणार आहे. मग बंदूक काय पातळ झग्यावर लावून बघू?"

ट्रेंटने चार बंदुका काढल्या. पहिली तिने खांद्याला लावली तर दस्ता काखेत अडकला आणि डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीपर्यंत पोचेना. बंदुका बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सहा फुटी पुरुष असतो. ग्लेनिस पाच फूट दोन इंच. दुसरीचं तेच. तिसरी उचलून ती सरळ दुकानाच्या फरशीवर बसली, गुडघे वर घेऊन, पाठ काडतुसांच्या कपाटाला टेकून.

"अहो बाई, गिऱ्हाइकं येतायत."

"येऊ देत. मला उभ्याने मारायचं नाहीये. बसूनच घेणार तर बसूनच बघणार."

आत आलेले दोघे जण तिला वळसा घालून मासे धरायच्या गळांच्या कपाटाकडे गेले. चौथी बंदूक वापरलेली होती, कुणीतरी आपल्या बायकोसाठी दस्ता दोन बोटं कापून घेतला होता. ती खांद्यावर अशी बसली की ग्लेनिसने परत खाली ठेवलीच नाही. गोळी लहान, धक्का कमी, आणि कायोटीला पुरेशी. त्याखाली टेकवायला दोन काठ्यांची कैची घेतली, बुडाखाली जाड गादी घेतली, कारण पाऊण तास न हलता बसायचं तर आधी बूड शाबूत हवं. बर्फात लपायचे पांढरे ठिपक्यांचे कपडे ट्रेंटने पुढे केले, ते तिने परत केले. बर्फ केव्हाच वितळलं होतं आणि तिचा कोट माळावरच्या सेज नावाच्या झुडपांसारखाच मातकट होता. वाऱ्याची दिशा बघायची भुकटीही नको म्हणाली. घरात पीठ होतं.

"बरं, हे तरी बघा." ट्रेंटने एक यंत्र मांडलं. "दीडशे आवाज आहेत यात. जखमी ससा, उंदीर, पक्षी. कायोटी धावत येतो."

"कोकराचा आवाज मी काढते. चाळीस वर्षं काढतेय."

"आणि दुर्बीण? मी म्हणेन ही छोटी घ्या. जवळचं—"

"सगळ्यात मोठी दाखव."

"बाई, ती दूरच्या माऱ्यासाठी आहे."

"माझे डोळे एकोणसाठ वर्षांचे आहेत, ट्रेंट. मोठी दे आणि बसवून दे."

ट्रेंटने दिली. वाटाण्यांच्या वेळीही त्याला तिच्याशी वाद घालून काही मिळालं नव्हतं.

संध्याकाळी तिने कुंपणाला कागदी बशी टांगून शंभर पावलांवरून नेम जुळवला. मोठ्या दुर्बिणीतून बशीची कडसुद्धा दिसत होती. ती खूश झाली.

मंगळवारी पहाटे गोठ्यामागच्या उंचवट्यावर ती बसली, पिठाची चिमूट सोडून वारा तोंडावर येतोय याची खात्री केली, आणि तोंडाशी हात नेऊन पोरक्या कोकराचा टाहो फोडला. आवाज इतका खरा होता की खालच्या कुरणातल्या मेंढ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या टाहोला त्या निघाल्या. कुणाचं पोर अडकलंय ते बघायला तीस-चाळीस आया आपापली कोकरं मागे घेऊन टेकडी चढून आल्या आणि ग्लेनिसभोवती उभं राहून ओरडू लागल्या. एकीने काठ्यांची कैची पाडली. दुसरीने गादी चावून बघितली.

ड्वेन खिडकीतून बघत होता. ती घरात आली तेव्हा त्याने दोघांपुढे अंडी ठेवली, आणि मग म्हणाला, "कायोटी एवढे लोकरीचे का असतात गं?"

"खा तू."

कुरणाच्या पलीकडच्या कडेला सहावं कोकरू त्याच दिवशी सापडलं. अर्धंच. ग्लेनिसने ते पोत्यात भरलं, खड्डा खणून पुरलं आणि हात धुऊन माळाचा नकाशा मनात फिरवत बसली. मेंढ्यांना ऐकू जायला नको, पण कायोटीला जायला हवं. म्हणजे टेकडीच्या खडकाळ कण्याच्या पलीकडे, कोरड्या ओढ्याच्या काठी. पिकअप मागेच सोडायची आणि दार न आपटता लोटून लावायचं. नवखा माणूस सगळं सामान बरोबर घेतो आणि दार आपटतो, मग ओढ्यातले सगळे कान त्याच्याकडे वळतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेंढ्यांच्या कानांवरून कळलं होतं.

बुधवारी तिसऱ्या टाहोला कायोटी आला. ओढ्यातून निघाला तो थेट तिच्या रोखाने, करडा, लांब पायांचा, जीभ बाहेर. थांबेल, मग मारू, असा तिचा बेत होता. तो थांबला, पण तीस पावलांवर. ग्लेनिसने दुर्बिणीला डोळा लावला आणि तिला दिसले केस. नुसते केस. खांदा की शेपूट, पोट की मान, काही कळेना. तिने दुर्बिणीवरचं, चित्र लहान करायचं कडं खालपर्यंत फिरवलं, तरी केसच. तिने डोळा काढून नुसत्या नजरेने बघितलं तर कायोटी तिच्याकडेच बघत होता. चाप ओढला तेव्हा गोळी कुठे गेली ते कायोटीलाही कळलं नसेल. तो ओढ्यात उतरून गेला.

ग्लेनिसने काठ्या मिटल्या. मग उठली. गाडी घराकडे न नेता तशीच गावाला नेली.

ट्रेंट दुकान उघडत होता. तिने बंदूक गल्ल्यावर ठेवली.

"चुकलं माझं. छोटी दुर्बीण बसव."

ट्रेंटने गल्ल्याखालून पेचकस काढला. "अजून एकदा म्हणा ना. मी चौथीपासून थांबलोय."

"एकदा म्हटलं तेवढं पुष्कळ झालं. तीस पावलांवर आला होता. तुझ्या खिशातून वाटाणे काढायचे तेव्हा मी दुर्बीण लावली होती का?"

"नाही."

"मग."

त्याने छोटी बसवली. ग्लेनिसने ती खांद्याला लावून दुकानाच्या दुसऱ्या टोकाचं कॅलेंडर बघितलं. अख्खं कॅलेंडर दिसलं, भिंतीसकट. परतल्यावर तिने पुन्हा बशी टांगली, आणि तीन गोळ्या बरणीच्या झाकणाएवढ्या जागेत पडेपर्यंत जेवायला बसली नाही. ड्वेनने दारातून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्याने बशी बदलून दिली.

गुरुवारी वारा फिरला होता. पीठ तिच्या पाठीमागून ओढ्याकडे उडालं. ती उठली, गादी बगलेत मारली आणि अर्धा मैल वळसा घालून पलीकडच्या काठावर गेली. ऊन वर येत होतं आणि गुडघे कुरकुरत होते. मेंढ्या बघणारा माणूस दुपारी येणार होता, म्हणजे हीच सकाळ. पहिल्या टाहोला काही नाही. दुसऱ्यालाही नाही. ती हलली नाही. नाकावर माशी बसली, ती बसू दिली.

वीस मिनिटांनी सेजच्या झुडपांत एक कान हलला. ग्लेनिसने आवाज बारीक केला, दमत आलेल्या कोकरासारखा. कायोटी उघड्यावर आला, सत्तर पावलांवर आडवा उभा राहिला आणि नाक वर केलं. छोट्या दुर्बिणीत तो पुरा दिसला, मागच्या झुडपासकट. तिने काठ्यांवर बंदूक टेकवली, अर्धा श्वास सोडला आणि चाप दाबला. तो जागीच बसला आणि मग आडवा झाला.

जवळ जाऊन तिने तो जुना नर असल्याची खात्री केली. पोरांना पाजणारी मादी असती तरी तिने मारलीच असती, पण बरं वाटलं नसतं. मग मागचे पाय धरून पिकअपपर्यंत ओढत आणला. दमली.

ड्वेनने गाडीच्या मागे वाकून बघितलं.

"एकच आहे," तो म्हणाला.

"एकच आहे. याची जोडीदारीण तिकडेच आहे. उद्या पहाटे जाते, परवाही जाते. कोकरं मोठी होईस्तोवर रोज जाते."

"आणि नाहीच आली तर?"

"तर बसून राहीन. गादी चांगली आहे."

ड्वेनने मान खाजवली आणि आत जाऊन फोन फिरवला. ग्लेनिस दारात बूट काढत होती. "हो, मीच ड्वेन," तिला ऐकू आलं. "आजचं जरा राहू दे म्हणतो. लोकर कातरून झाली की मग बघू—"

"'बघू' नको," ग्लेनिस दारातून म्हणाली. "येऊ नका म्हणून सांग."

ड्वेनने फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. ती दुसरा बूट काढत होती. त्याने हात उचलला.

"येऊ नका," तो फोनमध्ये म्हणाला. "आम्ही विकत नाही."